ठासणीच्या बंदुकीचा चाप जड झालाय, घासून हलका करता येईल का?

गिरणगावकर | ९ सप्टेंबर, रात्री १०:५२

गावाला (कुडाळ तालुका) जाऊन आलो. घरी काकाच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. एकनळी, नळीच्या तोंडातून दारू ठासायची, केपाची (घोडा आपटला की पेटणारी बारकी टोपी), आजोबांच्या वेळेपासूनची. माकडं आणि डुकरं हे तिचं काम, आणि आता तेही बहुतेक आवाज काढण्यापुरतंच. काका ७१ वर्षांचा. यंदा म्हणाला, "चाप लय घट झालो हा, एका बोटान वढूक येणा नाय."

मी ओढून पाहिला. काका खोटं बोलत नव्हता. दोन बोटं लावावी लागली. शिवाय सरळ येत नाही. आधी खरखरतो, मधेच अडकतो, मग एकदम सुटतो. (बंदूक रिकामी आहे, काकाने सांगितलं. केपही लावलेली नव्हती.)

मी अंधेरी एमआयडीसीत टूलरूममध्ये १४ वर्षं काढली आहेत. फाइल, ऑइलस्टोन, पॉलिश पेपर हे रोजचंच. डोक्यात असं आहे की दसऱ्याला जाईन तेव्हा लॉक (घोडा, स्प्रिंगा वगैरेंची यंत्रणा) सोडवून बॅगेत घालून मुंबईला आणायचं, इथे निवांत घासायचं आणि दिवाळीला परत बसवायचं. व्हिडिओ बरेच पाहिले, पण सगळे परदेशी आणि सगळ्यांच्या बंदुका कोऱ्या करकरीत. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांवर कोणी हात चालवलाय का? कुठे घासायचं, किती घासायचं?

कटिंग चहा | ९ सप्टेंबर, रात्री ११:१०

शीर्षक वाचून वाटलं लालबागमध्ये गँगवॉर परत सुरू झालं. आमच्याकडे 'घोडा' म्हटलं की अख्खं पिस्तूल, तुमच्याकडे त्यात चाप वेगळा आणि घोडा वेगळा? ज्ञान वाढवा कोणीतरी.

तोडेदार | ९ सप्टेंबर, रात्री ११:३४

@कटिंग चहा, बोटाने ओढतो तो चाप. वर उभा असतो आणि खाली आपटतो तो घोडा. मुंबईच्या बोलीने अख्ख्या हत्याराला घोडा करून टाकलं.

गिरणगावकर, उत्तर जाणकार देतीलच, मी फक्त चापाचा इतिहास सांगून पळतो. साध्या तोड्याच्या (धुमसत्या वातीच्या) बंदुकीत ही भानगडच नव्हती. चाप म्हणजे एक लांब तरफ, ओढली की जळता तोडा रंजकीवर (पेटवायच्या दारूवर) टेकायचा, सोडली की परत वर. काही अडकवून ठेवायचं नाही, म्हणून काही सुटायचंही नाही. मग १६१० च्या सुमारास फ्रान्सच्या दरबारातल्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिराने चकमकीच्या घोड्याची पक्की रचना बसवली असं मानतात. तिथून पुढे सगळीकडे रुळली ती ताणलेली स्प्रिंग, तिला अडकवणारी खाच आणि ती खाच सोडवणारा चाप. तुमच्या काकांच्या बोटाचं दुखणं तेव्हापासूनचं आहे म्हणा ना!

केप त्यानंतर दोनशे वर्षांनी. अलेक्झांडर फॉरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीचा भपका आधी दिसायचा, गोळी मागून यायची, तोवर पाखरू उडालेलं. म्हणून त्याने ठोका बसला की पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्याच कल्पनेतून पुढे तांब्याची केप आली.

मी_पार्लेकर | १० सप्टेंबर, सकाळी ८:०५

माझ्या मामांकडे अशीच रायफल होती. डब्ल्यूडी-४० मारा, सगळं सुटतं.

तोडेदार | १० सप्टेंबर, सकाळी ८:४०

नळीला आतून आटे (पिळाच्या खाचा) असतील तर रायफल. कोकणातल्या ठासणीच्या बंदुका बहुतेक आतून गुळगुळीत, त्यांना बंदूकच म्हणा. ठासणीची खरी रायफल म्हणजे १८५३ ची एन्फील्ड, ०.५७७ इंच बोअरची. तिचीच काडतुसं १८५७ मध्ये गाजली.

कलमकसाई | १० सप्टेंबर, सकाळी ९:२०

धागाकर्ते, घासण्याआधी थांबा. मी वकिली करते, फौजदारी.

पहिलं. शस्त्र कायदा १९५९ मधल्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच धरलेत. म्हणजे तुम्ही नुसतं लॉक बॅगेत घालून कोकणकन्येने दादरला उतरलात, तर कायद्याच्या नजरेत तुमच्या बॅगेत काय आहे ते समजून घ्या. आणि परवाना तुमच्या नावावर नाही.

दुसरं. कलम ५ प्रमाणे विक्री आणि निर्मितीसारखंच दुरुस्तीलाही परवाना लागतो. तुमचा हात कितीही सफाईदार असो, तो परवाना टूलरूमच्या अनुभवावर मिळत नाही.

तिसरं, हे तुमच्या सोयीचं आहे. काकांना स्वतः जाणं झेपत नसेल तर त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला घेऊन जाऊ शकतो. कलम ३ च्या परंतुकात तशी सोय आहे. पत्रासोबत मूळ परवाना ठेवा आणि तो कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते आधी वाचा. शेतीसंरक्षणाचे परवाने ठरावीक भागापुरते असतात, तेव्हा मुंबई विसरा, जिल्ह्यातलाच परवानाधारक कारागीर गाठा.

जाता जाता: आवाज काढणं वेगळं आणि डुक्कर मारणं वेगळं. दुसऱ्याला वनखात्याची परवानगी लागते. काकांना माहीत असेलच.

गिरणगावकर | १० सप्टेंबर, दुपारी १:१५

बाप रे. बॅगेचा बेत रद्द. धन्यवाद मॅडम.

पण मला कळून तर घ्यायचंय. कारागिराकडे दिली आणि त्याने भलतंच घासलं तर मला समजायला नको?

जुना नटबोल्ट | १० सप्टेंबर, रात्री ९:४८

हा प्रश्न बरोबर विचारलात. फोर्टात बंदुकांच्या एका परवानाधारक दुकानात मागच्या खोलीत बसून ३१ वर्षं हेच केलं. आता निवृत्त, हात थरथरतो, म्हणून टायपिंग सावकाश.

सगळ्यात आधी एक गोष्ट. "काकाने सांगितलं" हे मला चालत नाही. ठासणीच्या बंदुकीचं पोट बाहेरून दिसत नाही. घोडा खाली, केप काढलेली, तरी आत भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. गज (दारू ठासायची काठी) नळीत सोडा, तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर बोटाने खूण धरा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. गजाचं टोक निपलपाशी (केप बसते त्या बोंडापाशी) पोचलं तर रिकामी. चार-पाच बोटं अलीकडे राहिलं तर आत ऐवज आहे. तसं झालं तर स्वतः काही उकरायचं नाही, तशीच कारागिराकडे. पुढचं सगळं हे झाल्यावर.

आता चाप. आत काय असतं ते बघा. घोडा ज्या आसावर फिरतो त्या आसाला आतून एक गोल तुकडा असतो, टंबलर. त्याला दोन खाचा. एक अर्ध्या घोड्याची (घोडा अर्धाच चढवून ठेवायची), खोल, तिच्यातून चाप ओढूनही सुटता कामा नये. दुसरी पूर्ण घोड्याची, उथळ. या खाचेत जी पट्टी अडकते ती सिअर. सिअरचं नाक खाचेत आणि शेपूट आडवी लाकडात शिरलेली. चाप त्या शेपटीला खालून वर ढकलतो, नाक खाचेतून निघतं, मोठी स्प्रिंग घोड्याला आपटते. एवढंच यंत्र.

चाप जड म्हटलं की पोरं थेट नाक आणि खाच घासायला धावतात. माझ्याकडे आलेल्या दहांतल्या सहा-सात बंदुकांत दोष लोखंडात नसायचाच. तो लाकडात असायचा. पावसाळ्यात कुंदा (बंदुकीचं लाकूड) पाणी पितो, फुगतो. लॉक ज्या खोबणीत बसतं ती आवळते आणि सिअरची शेपूट लाकडाला घासते. तुम्ही म्हणता खरखरतो, मधेच अडकतो, आणि पावसाळा संपता संपता बघितलंत. माझा पहिला संशय तिथेच.

त्याची परीक्षा सोपी आहे, कारागिरासमोर करायला सांगा. लॉक धरून ठेवणारे आडवे स्क्रू अर्धा फेरा सैल करायचे आणि चाप ओढून बघायचा. लगेच हलका लागला तर लाकूड दोषी. मग लॉक बाहेर काढून सिअरच्या शेपटीला समईची काजळी फासायची, परत बसवायचं, चाप दोनदा ओढायचा, काढायचं. खोबणीत जिथे काळा डाग उमटला तिथेच, तेवढंच लाकूड खरवडायचं. बोटाच्या नखाएवढं. मी कित्येक चाप लोखंडाला हात न लावता असेच दुरुस्त केले.

आणि हो, नुसत्या निपलवर घोडा आपटून बघू नका. निपलचं तोंड चेपतं, मग केप नीट बसत नाही. मधे चामड्याचा तुकडा ठेवा.

लेन नंबर सात | १० सप्टेंबर, रात्री १०:३०

काका, मस्त! मी वरळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल मारते. आमच्या रायफलचा चाप दोन टप्प्यांचा, सगळे स्क्रू बाहेरून फिरवता येतात आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. रायफलला कमीत कमी वजनाची अट नाही. पण एअर पिस्तूलवाल्यांना ५०० ग्रॅमचं बंधन असतं आणि तपासणीला खरोखर ५०० ग्रॅमचं वजन चापाला टांगून पिस्तूल उचलून दाखवावं लागतं. उचलताना चाप सुटला तर नापास.

तर प्रश्न असा, बंदुकीचा चाप किती असावा? आणि घरी कसा मोजायचा?

जुना नटबोल्ट | ११ सप्टेंबर, सकाळी ७:२०

ताई, तुमची रायफल टेबलावरून उचलून थेट निशाण्यावर जाते. यांच्या काकांची बंदूक खांद्यावर, गवतातून, गडग्यावरून उडी मारून जाते. तिला शंभर ग्रॅमचा चाप म्हणजे आत्महत्या. रानातल्या बंदुकीला मी दोन-अडीच किलोच्या खाली कधी आणला नाही, गिऱ्हाईक कितीही रडलं तरी.

मोजायला तुमचीच पद्धत. बंदूक रिकामी, नळी वर करून उभी धरायची, चापाला दोरीने पाण्याची बाटली टांगायची. एक लिटर म्हणजे एक किलो. थोडं थोडं पाणी वाढवत जायचं. घोडा पडताना अंगठ्याने झेलायचा, आपटू द्यायचा नाही.

आता गिरणगावकर टूलरूमचे आहेत म्हणून त्यांना भूमिती सांगतो. चाप म्हणजे तरफ. खिळ्यापासून सिअरला टेकणारी जागा १२ मिमी आणि बोटाची जागा २४ मिमी असेल तर फायदा दुप्पट. तोच खिळा असा बसवला की वरचं अंतर ६ मिमी होईल आणि बोटाचं २४ च राहील, तर चौपट. सिअर उचलायला ८ किलो लागत असतील तर पहिल्या चापाला ४ आणि दुसऱ्याला २. खाच तीच, स्प्रिंग तीच. गावठी बंदुकांत चापाचा खिळा बऱ्याचदा फार खाली ठोकलेला असतो, कारण तिथे भोक पाडणं सोपं. फक्त एक. चाप आणि सिअरच्या शेपटीत कागदाइतकी तरी मोकळी जागा हवी. ती नसली तर नाक खाचेत पूर्ण उतरत नाही आणि बंदूक कधी सुटेल सांगता येत नाही.

राहिली खाच. चाप अगदी सावकाश ओढा आणि घोड्याच्या डोक्याकडे बघा. सुटण्याआधी घोडा केसभर मागे सरकला तर खाच आकड्यासारखी आहे, म्हणजे तुम्ही बोटाने मोठी स्प्रिंग उचलताय. जड, पण धोका नाही. जागेवर राहून सुटला तर उत्तम. केसभर पुढे सरकला तर ती बंदूक तिथेच थांबवा, ती धक्क्याने सुटणार.

गिरणगावकर | ११ सप्टेंबर, दुपारी २:०२

काका, आकड्यासारखी खाच असेल तर स्टोनने कोन बदलून सरळ करता येईल ना? आम्ही डायमध्ये हेच करतो.

जुना नटबोल्ट | ११ सप्टेंबर, रात्री ८:५५

तुमची डाय आरपार कडक असते. जुन्या बंदुकांचं सिअर आणि टंबलर मऊ लोखंडाचं, वरून केस हार्डनिंग. कडक कवच मिलिमीटरच्या काही दशांशाएवढंच. तुम्ही कोन बदलायला बसलात की कवच संपलं, खाली मऊ लोखंड. त्या दिवशी चाप लोण्यासारखा चालेल, तुम्ही खूश. पन्नास-साठ बार झाले की नाक गोल होतं आणि एक दिवस नुसत्या धक्क्याने घोडा पडतो. असली 'लोण्यासारखी' केलेली बंदूक घेऊन येणारे दरवर्षी यायचे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मित्राने करून दिली.

पॉलिश करायचं तर फक्त उंचवटे चमकवायचे, कडक बारीक स्टोन, कोन तसाच. कोन बदलायचाच असेल तर परत कडक करावं लागतं, आणि ते ज्याच्याकडे सोय आहे त्याने करावं.

दुसरा उद्योग म्हणजे स्प्रिंगा कमजोर करणं. मोठी स्प्रिंग घासून पातळ केली की ठोका कमी बसतो, केप फुटत नाही. सिअरची स्प्रिंग कमजोर केली की अर्ध्या घोड्याची खाच नीट धरत नाही. दोन्हीकडून नुकसान.

कटिंग चहा | ११ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी टिंगल करायला आलो होतो, बसून सगळं वाचलं. वाचनखूण साठवली.

लेन नंबर सात | ११ सप्टेंबर, रात्री ९:४४

परदेशी व्हिडिओंत ठासणीच्या रायफलींना दोन चाप दिसतात, मागचा ओढला की पुढचा एकदम हलका. ते काय?

तोडेदार | ११ सप्टेंबर, रात्री १०:२०

सेट ट्रिगर. मागचा चाप एक छोटी स्प्रिंग ताणून ठेवतो, पुढच्याला फुंकर मारली तरी ती सुटून सिअरला टोला देते. टोला क्षणभराचा असतो, म्हणून सिअरचं नाक परत खाली येताना अर्ध्या घोड्याच्या खाचेत अडकू नये यासाठी टंबलरवर एक इवलीशी हलती पाकळी बसवलेली असते. इंग्रजीत तिला 'फ्लाय' म्हणतात, म्हणजे माशी! हे निशाणेबाजीचं हत्यार. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यांची एमएलएआयसी ही संस्था १९७१ पासून आहे. त्यात तोड्याच्या बंदुकीचाही प्रकार आहे, जपानी नावाचा, तानेगाशिमा.

मी_पार्लेकर | १२ सप्टेंबर, सकाळी ८:१०

म्हणजे डब्ल्यूडी-४० नको?

जुना नटबोल्ट | १२ सप्टेंबर, सकाळी ८:५०

लाकडात तेल मुरलं की ते आणखी मऊ होतं, आणि दारूच्या काजळीत तेल मिसळलं की डांबर. आधी गरम पाण्याने काजळी धुवायची, खडखडीत वाळवायची, मग सांध्यावर एक थेंब. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. कोकणात एक रात्र न धुता ठेवली तरी सकाळी तांबेरा.

गिरणगावकर | २० ऑक्टोबर, रात्री ११:०५

दसऱ्याला गेलो होतो. उशिरा लिहितोय कारण काय लिहावं कळत नव्हतं.

शस्त्रपूजेला बंदूक खाली काढली. काकाला म्हटलं, आधी गज. काका चिडला, "रिकामी हा म्हणान सांगितलंय ना तुका." तरी सोडला. तळाला टेकला, तोंडाशी खूण धरली, बाहेरून लावला. निपलच्या पाच बोटं अलीकडे.

ओटीवर सगळे गप्प. काका आठवत बसला. मे महिन्यात काजूच्या बागेत माकडं आली होती, भरली होती, तेवढ्यात ती पळाली. केप काढून खिशात घातली आणि घरी येऊन टांगली. त्यानंतर मी गणपतीत दोन बोटं लावून तीनदा चाप ओढला होता. तेव्हा समोर माझी पुतणी मोदकाचं सारण ढवळत होती. केप नव्हती म्हणून, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी काकाचं पत्र आणि परवाना घेऊन, काकालाही गाडीत घालून, जिल्ह्यातल्या परवानाधारक कारागिराकडे. त्याने आधी निपलमधून पाणी सोडून दारू भिजवली, मग गजाला स्क्रू लावून चिंध्या, छरे, सगळं ओढून काढलं. दारूचा लगदा बघून काका बाहेर जाऊन उभा राहिला.

मग चाप. स्क्रू अर्धा फेरा सैल केले आणि नटबोल्ट काका, तुम्ही म्हणालात तसंच, अर्ध्याहून जास्त जडपणा गेला. काजळी लावली तर शेपटीची अख्खी रेघ लाकडात उमटली. पण एक आणखी निघालं. अर्ध्या घोड्याची खाच कोणीतरी पूर्वी फाइलने मोठी केलेली. अंगठ्याने जोर दिला की घोडा सुटत होता. बहुधा आजोबांच्याच काळातला कोणी 'मित्र'. कारागीर म्हणाला, हे टंबलर भरून परत कडक करावं लागेल, तीन आठवडे ठेवा. पावती घेऊन ठेवून आलो.

कलमकसाई | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:००

पावतीवर बंदुकीचा नंबर आहे का बघा. नसेल तर फोन करून लिहून घ्या.

जुना नटबोल्ट | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

रात्री वाचलं, झोप लागली नाही. परत मिळाली की घोडा पूर्ण चढवून कुंदा रबराच्या तुकड्यावर दहा वेळा आपटून दाखवायला सांगा. मग अर्ध्या घोड्यावर चाप जोरात ओढून. दोन्ही तुमच्या डोळ्यांदेखत, आणि आधी गज.

गिरणगावकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आली. पावतीवर नंबर होता. दहा आपट्या खाल्ल्या, अर्धा घोडा हलला नाही. बाटलीने मोजलं. आधी साडेचार लिटरला सुटत होता (कारागिराने काम सुरू करण्याआधी मोजून ठेवलं होतं), आता अडीचला पाव कमी. खरखर गेली.

काकाला विचारलं, बरा वाटतो का? म्हणाला, "चाप हलको झालो, माकडां खंय हलकी झाली?"

जुना नटबोल्ट | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४१

गजावर खूण केलीत का?

गिरणगावकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४४

पुतणीने केली. तांबड्या नेलपॉलिशने, रिकाम्या नळीची रेघ. काका रोज संध्याकाळी गज सोडून बघतो आता, बंदूक टांगलेलीच असली तरी.